जुन्या विनोदी कॉमिक्सना खरंच भाव आहे का? (चाचा चौधरी, पिंकी, लोटपोट आणि मंडळी)

दुधनाकाठ:
मंडळी, सेलूचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं काढलंय. माळवद उतरवायच्या आधी सामान हलवताना थोरल्या भावाची लोखंडी पेटी निघाली. आत चाचा चौधरी, बिल्लू, पिंकी मिळून साठेक पुस्तकं, लोटपोटचे सुटे अंक, मधु मुस्कानचे दहा-बारा, इंग्रजी टिंकलचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा आणि थोडे किशोर-चांदोबा. दोन-तीन इंद्रजाल कॉमिक्सही आहेत, पण त्यावर इथं आधीच मोक्कार लिहून झालंय, त्याचं सोडा.

पुतण्यानं मोबाइलवर बघितलं तर एका साइटवर एकच चाचा चौधरी आठ हजाराला लावलाय. मोंढ्याजवळचा रद्दीवाला सगळी पेटी किलोवर न्यायला तयार आहे. घरात आता साठ गुणिले आठ हजार असा हिशोब सुरू झालाय आणि काल परवापर्यंत "जाळून टाका ते" म्हणणारे पेटीला कुलूप लावायलेत. तर जाणकारांनी सांगावं, खरा आकडा कुठं बसतो?

रद्दीबहाद्दर:
पहिली गोष्ट, आठ हजाराला लावलाय आणि आठ हजाराला गेलाय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती जाहिरात मी पण बघितलीय. मागल्या दिवाळीच्या आधीपासून तिथंच आहे. पुतण्याला म्हणावं, विकून झालेल्या मालाचा भाव बघ.

मन्याड:
+१. मी नांदेडचा, कामानिमित्त हैदराबादला जाणं होतं. आबिड्सला रविवारी फूटपाथवर जुनी पुस्तकं लागतात तिथं अजून गठ्ठ्यात डायमंड कॉमिक्स (चाचा चौधरी, पिंकी, बिल्लू छापणारे) सापडतात. पानं पूर्ण पण कव्हर मळकं असं असेल तर मी पन्नासच्या वर दिलेलं नाही. कोरी करकरीत असेल तर दोनशे-तीनशे सुद्धा खुशीनं देतो. ही माझी खरेदी, बाजाराचा नियम नाही. आठ हजार देणारा अजून मला भेटला नाही. भेटला तर त्याला माझ्याकडं पाठवा.

खडकीकर:
जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर पावसाळ्याच्या आधी कुणीतरी विचारतोच. घरं शाकारायला काढली की पेट्या निघतात.

जुन्या कॉमिक्सच्या बाजारात दोन जातीचे गिऱ्हाईक आहेत. एक मालिका पुरी करणारे. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं आणि त्या काळात आठशेच्या वर अंक निघाले. प्रत्येकावर क्रमांक. ज्याच्याकडं सातशे ऐंशी आहेत तो उरलेल्यांसाठी वेडा होतो आणि तिथं भाव चढतो. दुसरे म्हणजे लहानपण विकत घेणारे. त्यांना क्रमांकाशी देणंघेणं नसतं, "आमच्याकडं होतं ते साबूचं (चाचा चौधरीच्या धिप्पाड जोडीदाराचं) पुस्तक" पाहिजे असतं. विनोदी कॉमिक्सचं गिऱ्हाईक बहुतेक ह्या दुसऱ्या जातीचं. असा माणूस पाच-दहा पुस्तकं घेतो, बायकोला दाखवतो, फोटो टाकतो आणि थांबतो. त्यामुळं मागणी आहे पण उथळ आहे.

त्यात डायमंडनं चाचा चौधरी, पिंकी, बिल्लू पुन्हा पुन्हा छापले. तीच गोष्ट, तेच कव्हर, फक्त किंमत बदललेली. आजही नव्या छपाईत मिळतात. म्हणजे नुसतं वाचायला पाहिजे त्याला जुन्या प्रतीची गरजच नाही. राहता राहिला प्रश्न पहिल्या छपाईचा, आणि तिथंच लोक फसतात.

जाहिरातींत "१९७१ ची ओरिजिनल डायमंड चाचा चौधरी" असं छातीठोकपणे लिहिलेलं असतं. व्यंगचित्रकार प्राण यांनी चाचा चौधरी १९७१ मध्ये काढला हे खरं, पण तो लोटपोट ह्या हिंदी अंकासाठी. लोटपोट १९६९ पासूनचं. डायमंड कॉमिक्स सुरू झालं १९७८ ला. मग १९७१ ची डायमंड कुठून आणली? असं लिहिणाऱ्याच्या बाकीच्या मालावर पण विश्वास ठेवू नका.

आता उलटं बघा. ह्या हिशोबानं तुमच्या पेटीतला खरा माल डायमंडच्या साठ पुस्तकांत नसून लोटपोटच्या सुट्या अंकांत असू शकतो. साप्ताहिकं कोण जपून ठेवतंय? वाचली की दुकानदाराकडं पुड्या बांधायला गेली. मधु मुस्कानचं तसंच. त्यातली सुस्तराम-चुस्तराम, पोपट-चौपट ही पात्रं आठवणारे लोक आहेत, अंक बंद पडून वर्षं झाली, आणि डायमंडसारख्या छपाया त्याच्या झालेल्या नाहीत. आधी तारखा बघा आणि इथं टाका.

दुधनाकाठ:
@खडकीकर, दंडवत. लोटपोटवर तारखा आहेत, लिहून काढतो. पण डायमंडवर साल कुठंच छापलेलं दिसंना. मग पहिली छपाई कशी ओळखायची?

खडकीकर:
साल नसलं तरी पुस्तक आपला जन्म सांगतं. किंमत बघा. छापील किमतीवर चिकटपट्टी लावून नवी किंमत मारलीय का बघा. आतला पत्ता बघा. आपल्याकडं पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आले, त्याआधी "दिल्ली-६" असा नुसता विभाग लिहायचे. अर्थात पुढं कित्येक वर्षं जुन्या सवयीनं तसंच लिहीत होते, त्यामुळं पिनकोड नाही म्हणजे लगेच जुनं असं नाही. पण वेबसाइटचा पत्ता नाहीतर बारकोड असेल तर जुनेपणाचा विषयच संपला. मागच्या कव्हरवरची जाहिरात सगळ्यात बोलकी असते. ज्या गोळीचं, पेन्सिलीचं, शीतपेयाचं नाव आज बाजारात नाही ते मागं असेल तर प्रत बऱ्यापैकी जुनी. आत जी "आगामी पुस्तकांची" यादी असते तीही बघा. यादीतलं पुस्तक नंतरचं, हातातलं आधीचं. दोन-चार प्रती शेजारी ठेवून जुळवलं की क्रम लागतो.

गंजगोलाई:
आमच्या लातूरला गोलाईच्या मागं एक जण भाड्यानं कॉमिक्स द्यायचे. चार आणे रोज. दुकानात बसून वाचलं तर अजून स्वस्त, पण तिथं बाकड्यावर जागा धरायला शाळा सुटल्यासरशी पळावं लागायचं. त्यांची पद्धत अशी की नवं पुस्तक आलं की आधी पिना काढायच्या, दाभणानं सुतळीत शिवायचं, वरून खाकी कागद आणि आतल्या पहिल्या पानावर, मधल्या पानावर आणि शेवटच्या पानावर शिक्का. मधल्या पानावर का, तर पोरं मधलंच पान फाडून न्यायची.

माझ्याकडं त्यांतली सात-आठ हायेत. दुकान बंद केलं तव्हा त्यांनीच दिली. आता सांगा, शिक्क्यानं भाव वाढतो का पडतो?

रद्दीबहाद्दर:
पडतो. शिवलेली असली तर आणखी पडतो. पिनांची भोकं, सुतळीची भोकं, शिक्के, वर खाकी कागदाचा डिंक.

मन्याड:
रद्दीबहाद्दर यांच्याशी असहमत. तिकडं अमेरिकेत २००० पासून सीजीसी नावाची कंपनी कॉमिक तपासून दहापैकी गुण देते आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करून देते. डबी उघडली की गुण गेले, म्हणजे ते पुस्तक पुन्हा कुणी वाचायचंच नाही. त्या तराजूत शिक्का म्हणजे डागच. पण आपल्या इकडं अजून फोटो आणि शब्दावर व्यवहार चालतो. मी स्वतः एका लातूरच्या माणसाला, तो आता बंगळूरला असतो, शिक्केवाली पिंकी कोऱ्या प्रतीपेक्षा जास्तीनं विकलीय. का, तर शिक्क्यात त्याच्या गल्लीचं नाव होतं. दुसऱ्या कुणाला विकायला गेलो असतो तर चाळीस रुपये आले नसते. अशा प्रतीला बाजारभाव नसतो, गिऱ्हाईक असतं. भेटलं तर भेटलं.

गंजगोलाई:
हे भारी सांगितलं राव. मग मी विकायलोच नाही. उगं त्यांचं नाव चाळीस रुपयाला कशाला घालवायचं.

आणि एक, आमच्या खाली औसा, निलंग्याकडं, उमरग्याकडं जुन्या पेट्या कमी का निघतात म्हणून कुणी विचारलं होतं मागं. १९९३ च्या भूकंपात दगड-मातीची घरं बसली तिथं माणसांचा हिशोब लागला नव्हता, पुस्तकांचं कोण बघतो.

जुनी_वही:
इथं परदेशाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. विनोदी बालकॉमिक्सला मोठा भाव मिळतो तो कुठल्या कारणानं हे तिकडची दोन उदाहरणं बघितली की कळतं.

इंग्लंडात 'द डँडी' डिसेंबर १९३७ मध्ये सुरू झालं, 'द बीनो' जुलै १९३८ मध्ये. दोन्ही लहान पोरांची, निव्वळ खोड्यांची साप्ताहिकं. लगेच महायुद्ध आलं आणि कागद गोळा करायच्या मोहिमांत जुन्या अंकांचा लगदा झाला. डँडीच्या पहिल्या अंकासोबत पत्र्याची शिट्टी फुकट दिली होती. २००४ मध्ये एक प्रत लिलावात वीस हजार पौंडांच्या वर गेली, कारण तिच्यासोबत ती शिट्टी शाबूत होती. शिट्टी मिळाल्यावर न वाजवता, न हरवता जवळपास सत्तर वर्षं ठेवणारं पोर म्हणजे दुर्मिळच की!

दुसरं उदाहरण डिस्नेचं. कार्ल बार्क्स यांनी अंकल स्क्रूज हा चिक्कू काका पहिल्यांदा आणला तो 'फोर कलर' मालिकेच्या १७८ व्या अंकात, डिसेंबर १९४७. त्या अंकाला जी मागणी आहे ती आजूबाजूच्या अंकांना नाही. पात्र पहिल्यांदा आलं तो अंक, हा तिकडच्या बाजाराचा कणा.

आपल्याकडं ह्याच मापानं बघायचं तर @दुधनाकाठ, टिंकलच्या गठ्ठ्यात २७ वा अंक आहे का बघा. १९८३ चा. टिंकलमधला भोळसट सुपंडी त्यात पहिल्यांदा आला. राम वाईरकरांनी चितारलेला, म्हणजे आपल्याच माणसाच्या हातचा. शिकारी शंभूही त्याच वर्षातला आणि तोही वसंत हळबे यांच्या कुंचल्यातून उतरलेला. हॅट डोळ्यावर ओढलेली असते ना, तो. मराठी चित्रकारांनी सगळ्या देशाच्या पोरांना हसवलं आणि आपण मराठी घरांत त्यांची नावं विचारत नाही, हे माझं जुनं रडगाणं आहे, हलकेच घ्या.

दुधनाकाठ:
आत्ता गठ्ठा सोडला. २५ आहे, २६ आहे, २८ आहे. २७ नाही.

रद्दीबहाद्दर:
हाहाहा. कुणीतरी जाणकार तुमच्या आधी येऊन गेलाय.

मास्तर_बदलीवर:
सगळ्यांचा मान राखून विचारतो. ही पुस्तकं पोरांसाठी काढली होती. आता ती चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये प्लास्टिकच्या पिशवीत घालून फडताळात ठेवणार आणि फोटो टाकणार. माझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वाचनपेटी आहे, तिच्यात पंचवीस पुस्तकं. तुमच्या पेटीनं माझ्या पोरांचं वर्ष निघेल. विका कशाला?

खडकीकर:
मास्तर, हेतू सोन्यासारखा आहे. पण जुनी वर्तमानपत्री कागदाची पुस्तकं पोरांच्या हातात आठवडा टिकणार नाहीत. त्या कागदात लाकडाचा लगदा असतो, वयानं त्यात आम्ल तयार होतं, पान पिवळं पडतं आणि दुमडलं की तुटतं. पोरं वाचतील थोडं आणि तुकडे गोळा करतील जास्त. त्यापेक्षा जी पाच-सात पुस्तकं खरंच किमतीची निघतील ती विकावीत आणि त्या पैशात नव्या छपाईची घेऊन शाळेला द्यावीत. पोरांना प्राणचा साबू पाहिजे असतो, १९८० चा कागद नको असतो.

मास्तर_बदलीवर:
हे पटलं. दुधनाकाठ, वाट बघतो. आणि किशोरचे अंक विकत बसू नका, बालभारतीनं १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवलेत. आमच्या शाळेत प्रोजेक्टरवर लावतो मी.

जुनी_वही:
ते ठेवल्यापासून किशोरच्या साध्या जुन्या अंकांचा भाव पडलाय, हे माझं निरीक्षण. वाचणारा फुकट वाचतो. घेणारे उरले ते फक्त पहिल्या काही वर्षांच्या चांगल्या प्रती मागणारे. आणि ते मात्र पूर्वीइतकेच हट्टी आहेत.

शहागंजी:
दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगतो. आमच्या संभाजीनगरात शहागंज, रोशन गेट भागात जुन्या घरांतून मराठी-हिंदी कॉमिक्सपेक्षा 'खिलौना' निघतो. दिल्लीच्या 'शमा'वाल्यांचं उर्दू बालमासिक. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले आजोबा होते, त्यामुळं अंक घरी यायचा. चित्रं, लतीफे, गोष्टी, कृष्ण चंदर यांच्यासारखे लोक पोरांसाठी लिहायचे त्यात. आमच्या अब्बांनी वर्षावर्षाची जिल्द बांधून ठेवलीय.

भाव विचाराल तर गंमत आहे. घेणारे बोटावर मोजण्याइतके. नातवंडं इंग्लिश मीडियमची, त्यांना लिपी येत नाही. पण जे घेतात ते घासाघीस करत नाहीत, संशोधन करणारे नाहीतर मोठ्या ग्रंथालयांचे लोक असतात. रद्दीवाल्याला उर्दू आणि इतर कागद सारखाच. म्हणून ह्या भागात रद्दीत गेलेला माल पुन्हा वर येतच नाही. मी दोन दुकानदारांना सांगून ठेवलंय, उर्दू पोरांचं काही आलं की आधी मला फोन.

मन्याड:
ही माहिती नवीन. वाचनखूण साठवली. शहागंजीसाहेब, जिल्द बांधताना कडा कापल्यात का? बांधणीवाले कटरनं तिन्ही बाजू सरळ करतात आणि पुष्कळदा चित्राची कडच जाते. तसं असेल तर सुट्या अंकांपेक्षा भाव खाली येतो.

शहागंजी:
थोड्या कापल्यात. पण बांधली नसती तर आज काही उरलं नसतं.

मुकुंदराज_पायथा:
कुणीच सांगितलं नाही म्हणून सांगते. दुधनाकाठ, पेटी उन्हात वाळवायला घालू नका! आपल्याकडं पेटी निघाली की कुरडया-पापडांसारखी गच्चीवर पसरतात. मे महिन्याच्या उन्हात रंगीत कव्हर दोन दिवसांत फिकं पडतं. सावलीत, वारं लागेल असं ठेवा. कसर दिसली तर पानं हलक्या ब्रशनं झाडा. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी तिचा तेलकट तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको. आमच्या अंबाजोगाईत एका गृहस्थांनी हौसेनं चाळीस कव्हरं लॅमिनेट केली, आता फुकट सुद्धा कुणी घेईना.

माळवदाची माती पानांत गेली असेल तर ओलं फडकं लावू नका. चिखल होतो.

दुधनाकाठ:
सर्वांचे आभार. दोन रात्री बसून वर्गवारी केली. डायमंडची बहुतेक नंतरच्या छपाईची, चिकटपट्टी मारलेली. चारांवरच जुनी किंमत आणि जुन्या जाहिराती. सहा पुस्तकांत थोरल्यानं चाचा चौधरीच्या मिशा अजून वाढवल्यात आणि राकेट कुत्र्याला चष्मा लावलाय. बिल्लूचे डोळे केसांत झाकलेले असतात, तर ह्यानं वरून डोळे काढलेत! एका बिल्लूत 'अंकुर बाल बुक क्लब'चा (डायमंडची घरपोच पुस्तकांची योजना) न भरलेला फॉर्म सापडला. लोटपोटचे नऊ अंक सत्तरच्या दशकातले. मधु मुस्कान अकरा, कव्हरसकट.

पुतण्याला सगळं समजावून सांगितलं. साठ गुणिले आठ हजार आता थांबलंय.

खडकीकर:
फॉर्म तसाच आत राहू द्या, वेगळा काढून ठेवू नका. व्हीपीनं (पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवायचं, तसं) पुस्तकं मागवलेल्यांना तो फॉर्म बघून भरून येतं आणि खिशात हात जातो. लोटपोट आणि मधु मुस्कान एकगठ्ठा विकू नका. एकेकाचा पुढचा-मागचा-मधला फोटो काढून टाका. डायमंडची रेघोट्यांची पुस्तकं मात्र गठ्ठ्यानंच जातील.

रद्दीबहाद्दर:
आणि आधी पैसे, मग पार्सल. "ताई पैसे उद्या टाकते म्हणाल्या" असं सांगत अजून फिरणारे दोघं माझ्या ओळखीचे आहेत.

मन्याड:
दुधनाकाठ, मधु मुस्कान विकायचे असतील तर पहिला हक्क माझा धरा. माझ्याकडं टिंकल २७ आहे. अदलाबदल करता का?

दुधनाकाठ:
आहे?? कव्हर आहे का?

मन्याड:
आहे, पण सुटलेलं. पिना गंजल्यात.

दुधनाकाठ:
सुटलेलं म्हणजे अखंड सुटलं का कण्यात फाटून दोन तुकडे झालेत? आणि कोडी सोडवलेली आहेत का? फोटो टाका. अकरा मधु मुस्कान एका गंजक्या अंकाला जमणार नाहीत, तीन बघू.

मन्याड:
पाच.

दुधनाकाठ:
फोटो बघून बोलतो. व्यक्तिगत निरोप केलाय.